कपाटाची किल्ली कुणाकडे आहे?

प्रति,
शाळा व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष, सदस्य आणि मुख्याध्यापक,
जिल्हा परिषदेच्या सर्व उच्च प्राथमिक शाळा, महाराष्ट्र.

विषय: सहावी ते आठवीच्या मुलामुलींसाठी शाळेत हत्यारांचे टेबल मांडण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

बहुतेक शाळांत एक लोखंडी कपाट असते. त्यात विज्ञानपेटी, दोन-चार स्क्रू ड्रायव्हर, एखादा मल्टीमीटर, कुणी देणगीत दिलेला रोबोटचा संच. कपाटाला कुलूप. मुले मोडतील, हरवतील, हात कापून घेतील, ही कारणे सांगितली जातात. खरे कारण त्याच कपाटाच्या वरच्या खणात असते: डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही. पक्कड तुटली तर तिची नोंद कशी करायची, तपासणीला काय दाखवायचे, पैसे कुणाच्या खिशातून भरायचे, हे ठरलेले नसते. म्हणून पक्कड नवी राहते आणि मूल तिला हात न लावता आठवी पास होते.

हे पत्र त्या कुलपाबद्दल आहे. आम्ही शिक्षक, फिटर, सायकल दुरुस्त करणारे आणि अभियंते मिळून ते लिहीत आहोत.

मूल पुढे यंत्रांकडे किंवा धंद्याकडे वळते ते कशामुळे, यावर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पेटंट मिळवणाऱ्या सुमारे १२ लाख माणसांच्या नोंदी तपासल्या होत्या. लहानपणी ज्यांच्या आसपास शोध लावणारी माणसे होती, ती मुले मोठेपणी शोधांकडे जास्त वळली. आणि बहुतेक त्याच क्षेत्रात, ज्यातली माणसे त्यांनी पाहिली होती. मुलींच्या बाबतीत शोध लावणाऱ्या स्त्रिया आसपास असण्याने फरक पडला, पुरुष असण्याने नाही. गणितात सारखेच हुशार असूनही गरीब घरची मुले मागे राहिली. गावात एकही हत्यार चालवणारा हात मुलाने जवळून पाहिला नसेल, तर त्याला त्या वाटेची कल्पनाच येत नाही.

आपल्याकडे उदाहरणांची कमतरता नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला गेले ते चित्रकला शिकायला. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, व्हीजेटीआय या मुंबईच्या तांत्रिक संस्थेत शिकवू लागले, आणि बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले. कडब्याचे कटर, लोखंडी नांगर आणि १९१० साली औंध संस्थानात उभी राहिलेली किर्लोस्करवाडी हे सगळे त्यानंतरचे. कारखान्याआधी सायकल होती, आणि ते आम्हाला योगायोगाचे वाटत नाही. सायकलीचा प्रत्येक भाग उघडा असतो. काय कशाला फिरवते ते डोळ्यांना दिसते. मोबाइलच्या बाबतीत असे म्हणता येत नाही.

दुसरे उदाहरण शाळेचेच. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करतात: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगी पडते आणि शिकवायला गावातलेच कारागीर असतात. चाळीस वर्षांहून जास्त काळ हे काम चालू आहे. म्हणजे 'खेड्यात हे कसे जमणार' हा प्रश्न जुना झाला.

केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे शाळेतल्या हातकामाच्या प्रयोगशाळेसाठी, वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते: दहा लाख उभारणीला, दहा लाख पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाला. मिळाली तर जरूर घ्या. पण तिची वाट पाहत बसू नका, आणि मिळालीच तर तिच्यातल्या थ्री-डी प्रिंटरवर प्लॅस्टिकचे कव्हर घालून ठेवू नका. आम्ही सांगतो ते टेबल साधारण पंधरा हजारांच्या आसपास उभे राहते. दर गावागणिक बदलतील.

तीस मुलांचा वर्ग धरा, सहा-सहांचे पाच गट. दोन गट टेबलावर, तीन गट जमिनीवर सतरंजीवर. लागणारे सामान असे: चपटे आणि फुलीचे स्क्रू ड्रायव्हर प्रत्येकी पाच, पक्कड पाच, ६ ते २२ नंबरच्या दुतोंडी पान्यांचे दोन सेट, चार इंची बेंच व्हाइस (वस्तू घट्ट धरणारे शिकंजे) दोन, ३०० ग्रॅमच्या हातोड्या तीन, हॅक्सॉ दोन आणि पाती दहा, सपाट कानशी दोन, गोल एक, हाताने फिरवायचे ड्रिल एक, स्टीलच्या फूटपट्ट्या पाच, गुण्या दोन, मल्टीमीटर दोन, २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न दोन, गॉगल सहा, सायकलीसाठी टायर काढायच्या पट्ट्या, पंक्चरचे सामान आणि पंप. स्वस्तातले स्क्रू ड्रायव्हर घेऊ नका. त्यांचे टोक मऊ असते, पहिल्याच घट्ट स्क्रूवर गोल होते, मग स्क्रूची खाचही जाते, आणि मुलाला वाटते की आपल्याला जमत नाही.

टेबल मोठ्यांच्या मापाचे करू नका. व्हाइसचे जबडे उभ्या मुलाच्या कोपराच्या उंचीला आले पाहिजेत. त्याहून वर असले तर मूल खांद्याने करवत ओढते, पाते तिरके होते आणि तुटते. सहावीच्या बुटक्या मुलांसाठी पायाखाली फळी ठेवली तरी भागते, फक्त ती हलता कामा नये. टेबल भिंतीला बोल्टने जखडा.

हत्यारे कपाटात न ठेवता भिंतीवरच्या प्लायवर टांगा आणि प्रत्येकाभोवती रंगाने त्याची आकृती काढा. तास संपताना रिकामी आकृती लगेच दिसते. कोणते हत्यार परत आले नाही हे मोजावे लागत नाही, ओरडावेही लागत नाही. हरवण्याची निम्मी भीती या एका प्लायने जाते.

सुरुवात उघडण्याने करा, बनवण्याने नाही. गावातल्या भंगारवाल्याकडून किलोवर घ्या: भिंतीवरची घड्याळे, जुना रेडिओ, मिक्सर, प्रिंटर, टेबलफॅन. मुलांच्या हाती देण्याआधी शिक्षकाने प्रत्येक वस्तूची प्लगपिन वायरीसकट कापून टाकायची. म्हणजे ती कुणी चुकूनही लावू शकणार नाही. काही वस्तू दारातूनच परत पाठवा. मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही जीवघेणा विजेचा दाब राहतो. जुन्या काचेच्या नळीचा टीव्ही तसाच. प्रिंटरच्या आणि डीव्हीडी प्लेयरच्या पॉवर सप्लायमध्ये मोठा कपॅसिटर असतो आणि त्यात ३०० व्होल्टच्या वर दाब साठतो. तो भाग शिक्षकानेच आधी काढून टाकावा. मोबाइलची बॅटरी टोचली तर पेट घेते. सीएफएल आणि ट्यूबमध्ये पारा असतो. आणि फवारणीचा पंप मुळीच नको. गावात दुरुस्तीला सगळ्यात जास्त तोच येतो हे खरे, पण त्याच्या वायसरात आणि नळीत कीटकनाशक मुरलेले असते. कितीही धुतला तरी.

उघडताना एकच नियम सक्तीचा: अंड्यांचा ट्रे. पहिल्या टप्प्यावर निघालेले स्क्रू पहिल्या खड्ड्यात, दुसऱ्याचे दुसऱ्यात. सोबत वहीत चित्र. मुले हमखास इथेच चुकतात. स्क्रू सगळे एकसारखे वाटतात, जोडताना लांब स्क्रू आखूड जागी जातो, आतला प्लॅस्टिकचा खांब फुटतो. तो फुटू द्या. पुढच्या वेळी ट्रे न सांगता येतो.

सायकलीवर आम्ही सगळ्यात जास्त तास घालवायला सांगू. पंक्चर काढणे ही संपूर्ण अभियांत्रिकी आहे: दोष शोधणे, कारण शोधणे, दुरुस्ती, खात्री. व्हॉल्व्ह काढून हवा सोडायची, टायरची एक कड पट्टीने रिमबाहेर घ्यायची, ट्यूब काढायची, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत बुडबुडे शोधायचे. जागेवर बॉलपेनने फुली. ट्यूब पुसून कोरडी, मग पॉलिशपेपरने घासायची, पॅचहून बोटभर जास्त भागावर सोल्यूशन लावायचे आणि थांबायचे. थांबणे हेच मुलांना जमत नाही. सोल्यूशन ओले असताना पॅच लावला तर तो दुसऱ्या दिवशी सुटतो. बोटाला चिकटेनासे झाले की लावायचा, साधारण तीन ते पाच मिनिटांनी. दुसरी चूक याहून मोठी: टायरच्या आत हात फिरवून बाभळीचा काटा न काढणे. काटा तिथेच असतो, शाळेच्या फाटकाबाहेर जाईपर्यंत ट्यूब पुन्हा बसते, आणि दोष पॅचवर येतो. तिसरी चूक, टायर परत चढवताना पट्टीखाली ट्यूब चिमटणे. शेवटची कड पट्टीने न ढकलता दोन्ही अंगठ्यांनी चढवायची.

नंतर पायडल. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते उजवीकडे फिरवल्यावर सुटते. हे मुलांना आधी सांगू नका, पण शेजारी उभे राहा. मूल जोर लावते, सुटत नाही, आणखी जोर लावते. त्या क्षणी हात थांबवा, नाहीतर क्रँकचे आटे जातील. मग विचारा: दोन्ही बाजू सारख्या का नाहीत? उजव्या बाजूचेच आटे डावीकडे ठेवले असते तर चालवताना पायडल आपोआप सैल होत गेले असते. हे उत्तर कुणी न सांगता शोधले, तर त्या मुलावर लक्ष ठेवा.

दाते मोजायला लावा. पुढच्या चक्राला ४८ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक २.६७ वेळा फिरते. चाकाचा घेर २.२ मीटर असेल तर सायकल जवळपास ५.९ मीटर पुढे जायला हवी. मैदानावर चुन्याची रेघ मारा आणि टेपने मोजा. सातवीचे गुणोत्तर इतक्या पटकन समजताना आम्ही दुसरीकडे पाहिलेले नाही. आकडा थोडा कमी येईल. का, ते मुलांना सापडू द्या. टायरमधली हवा तपासायला सांगा.

हॅक्सॉच्या पात्याबद्दल थोडे, कारण पाती सर्वात जास्त तुटतात आणि मग शिक्षक कंटाळतात. दात्यांचे तोंड पुढच्या बाजूला असावे. पुढे ढकलताना जोर, मागे येताना नुसते सरकवायचे. पाते पुरेसे ताणलेले असावे. पातळ पत्रा कापताना निदान तीन दाते पत्र्यावर एकाच वेळी बसले पाहिजेत, नाहीतर दाते अडकून उडतात. म्हणून लोखंडी पट्टीला इंचाला २४ दात्यांचे आणि पत्र्याला ३२ दात्यांचे पाते घ्या.

वीज शिकवताना मुलांच्या हाती १२ व्होल्टच्या वर काहीही नको. सोल्डरिंग आयर्न तेवढी २३० व्होल्टवर चालेल. तो प्लग ३० मिलिअँपच्या आरसीसीबीतून (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून) घ्या आणि शिक्षकाच्या बाजूला ठेवा. पहिले काम म्हणून तीन पेन्सिल सेलचा दिवा करा. सेलचे मिळून ४.५ व्होल्ट, पांढऱ्या एलईडीला साधारण ३ लागतात, उरले दीड. प्रवाह १५ मिलिअँप ठेवायचा तर दीडला ०.०१५ ने भागायचे: १०० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाह आवरणारा भाग. मुले रेझिस्टर गाळून पाहतात, एलईडी क्षणभर छान उजळतो आणि मग मंदावतो किंवा जातो. एक एलईडी जाळायची परवानगी प्रत्येक गटाला द्या, दोन-तीन रुपयांत यापेक्षा चांगला धडा मिळत नाही. लांब पाय धन बाजूला. पेटला नाही तर बहुतेक वेळा उलटा बसलेला असतो, नाहीतर सोल्डरिंग कच्चे असते. कच्चे का? मूल तार आयर्नच्या टोकावर वितळवते आणि थेंब जोडावर टाकते. जोड थंडच असतो, थेंब वर मण्यासारखा बसतो. आधी जोड तापवायचा, मग तार जोडाला लावायची. ती पसरली की आयर्न उचलायची. खिडकी उघडी, आणि काम झाल्यावर साबणाने हात, कारण साध्या सोल्डरमध्ये शिसे असते.

धंद्याची गोष्ट याच टेबलावर सुरू होते. त्यासाठी वेगळे भाषण नको, एक वही हवी. समजा एका दिव्याला ४२ रुपयांचे सामान लागले. दहा दिवे केले, दोन बिघडले. मुले खर्च ४२ च सांगतात आणि ५० ला विकून आठ रुपये नफा धरतात. खर्च झाला ४२०, विकायला दिवे आठ, म्हणजे एक पडला ५२ रुपये ५० पैशांना. मजुरी शून्य धरूनही प्रत्येक दिव्यामागे अडीच रुपये तोटा. हा हिशोब मुलांना स्वतःच्या वहीत लाल शाईने लिहावा लागला की पुढच्या खेपेला ती किंमत वाढवत नाहीत, सोल्डरिंग सुधारतात. काही जण दोन्ही करतात. ते पुढे व्यापारी होतील.

आणि चांगली वस्तू आपोआप खपते हा समज इथेच मोडू द्या. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर पहिल्यांदा कुणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची धास्ती होती. दिवा घेणाऱ्या आजीने 'बटण कुठे आहे ते अंधारात कसे कळायचे' असे विचारले, तर तो प्रश्न गुणपत्रकापेक्षा मोलाचा समजा.

एक मर्यादा मात्र पाळा. दुरुस्ती शाळेतल्याच मुलांच्या सायकलींची, शाळेच्या वेळेत, आणि आलेले पैसे सामानाच्या खात्यात. कुणा मुलाला मजुरी द्यायची नाही आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाचे काम घ्यायचे नाही. नाहीतर उद्या एखादे पालक येऊन जाब विचारतील, आणि त्यांचे बरोबर असेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत घालवायची तरतूद आहे. त्या दिवसांत सहल आणि मेंदी स्पर्धा उरकून घेऊ नका. दोन दिवस सायकलवाला, दोन दिवस मोटार रिवाइंडिंग, दोन दिवस सुतार, दोन दिवस शिवणयंत्र, दोन दिवस फॅब्रिकेशन. वेल्डिंग काळ्या काचेशिवाय कुणीही पाहायचे नाही. त्या वेळी काही वाटत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. कारागिराला मानधन द्या, चहावर भागवू नका. त्याला एकच विनंती करा: हात मागे बांधून शिकवा. अनुभवी माणसाला मुलाची चुकीची पकड बघवत नाही, तो पाना हातातून घेतो आणि स्वतः करून दाखवतो. काम सुंदर होते, मूल कोरडेच राहते.

शिवणयंत्र मुद्दाम घेतले आहे. शटल, कॅम, ताण, सगळी यंत्रविद्या त्यात आहे, आणि बऱ्याच घरांत ते बाई चालवते. दोरा ओवायला मुलगे आणि खालचे कव्हर उघडून तेल द्यायला मुली, अशी उलटापालट करून पाहा. गटांतही मुलीला नोंदी लिहायला आणि मुलाला पाना, ही वाटणी न सांगता होत राहते. दर तासाला आळीपाळीने बदला. गावात रिवाइंडिंग करणारी किंवा आयटीआय झालेली बाई असेल तर तिला सगळ्यात आधी बोलवा.

विज्ञान प्रदर्शनाबद्दल एक ओळ: दुकानातून आणलेला ज्वालामुखी आणि थर्माकोलचे धरण बाद करा. बिघडलेले, उघडलेले, अर्धवट जुळलेले चालेल.

आता तुमच्या हातातले. शिक्षण हक्क कायद्याने समितीला शाळा विकास आराखडा करायचा अधिकार दिला आहे आणि समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात. पुढच्या मासिक सभेत हे ठराव मांडा. आठवड्यातून दोन सलग तासिका टेबलासाठी. एका तासिकेत हत्यारे काढून मांडण्यातच वेळ जातो. सोल्डर, पाती, एलईडी, पॅच हे सगळे डेडस्टॉकला न लावता उपभोग्य वस्तूंच्या नोंदवहीत. वापरून तुटलेल्या हत्यारांचे दर वर्षी मार्चआधी समितीसमोर निर्लेखन (नोंदीतून काढून टाकणे), आणि शिक्षकाकडून वसुली नाही, हे शब्द ठरावात स्पष्ट. प्रथमोपचार पेटी टेबलाजवळ, केस बांधलेले, ओढणी खोचलेली, पायात बूट किंवा बंद चप्पल. वर्षातून एकदा बोट कापेल. पालकांना ते आधीच, सह्या घेताना सांगा.

राहिली किल्ली. ती मुख्याध्यापकांच्या खणात न ठेवता सातवीच्या दोन मुलांकडे द्या, एक मुलगी, एक मुलगा, दर महिन्याला वेगळी जोडी. तास संपल्यावर प्लायवरच्या आकृत्या तपासून सही त्यांनीच करायची.

आपले,
शाळांतल्या टेबलांवर काम करणारे काही शिक्षक, कारागीर आणि अभियंते